संकर वंध्यत्व

संकर वंध्यत्व म्हणजे दोन भिन्न जातींच्या, किंवा एकाच जातीच्या पण दीर्घकाळ विभक्त राहिलेल्या दोन गटांच्या, नर-मादीपासून जन्मलेल्या संततीची प्रजनन करण्याची असमर्थता होय. अशी संतती जगते, वाढते, अनेकदा आपल्या जनकांपेक्षा अधिक काटक असते. परंतु तिच्या शरीरात कार्यक्षम शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होत नाहीत, किंवा फारच थोड्या तयार होतात. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मणारे खेचर हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

लोकप्रिय लेखनात या वंध्यत्वाचे कारण बहुधा एका वाक्यात सांगितले जाते : घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२, म्हणून खेचरात ६३ येतात आणि या विषम संख्येच्या जोड्या लागत नाहीत. हे स्पष्टीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रे ६६ असतात. पाळीव घोड्याशी त्याचा संकर केल्यास संततीत ६५, म्हणजे विषमच, गुणसूत्रे येतात, तरीही ती संतती प्रजननक्षम असते. याउलट सिंह आणि वाघ या दोघांचीही गुणसूत्रे ३८ आहेत, तरी त्यांच्या संकरातून जन्मलेले नर वंध्य असतात. वंध्यत्वाचे मूळ निव्वळ संख्येत नसून, दोन वंश वेगळे झाल्यापासून त्यांच्या गुणसूत्रांच्या रचनेत आणि जनुकांत साचत गेलेल्या फरकांत आहे.

व्याप्ती

दोन जातींमध्ये जनुकांची देवाणघेवाण रोखणारे अडथळे अनेक प्रकारचे असतात. काही अडथळे फलनापूर्वीचे असतात : विणीचे हंगाम जुळत नाहीत, नराचे प्रणयाराधन परजातीच्या मादीला आकर्षित करत नाही, किंवा शुक्रपेशी अंड्याच्या आवरणातून आत शिरू शकत नाही. काही अडथळे फलनानंतरचे असतात. मेंढी (५४ गुणसूत्रे) आणि बोकड (६० गुणसूत्रे) यांच्या संकरात गर्भधारणा होऊ शकते, पण गर्भ जवळजवळ नेहमीच जन्मापूर्वी मरतो. यास संकर अजीवनक्षमता म्हणतात. संकर वंध्यत्व ही त्यापुढची पायरी होय. येथे गर्भ पूर्ण वाढतो, प्राणी प्रौढ होतो आणि अडथळा केवळ पुढच्या पिढीच्या उंबरठ्यावर येतो. काही जातींमध्ये तर पहिली संकर पिढी प्रजननक्षम असते आणि दोष दुसऱ्या पिढीत प्रकट होतो.

महाराष्ट्रात ‘संकरित’ हा शब्द बहुधा गाईच्या संदर्भात ऐकू येतो, आणि त्यामुळे थोडा गोंधळही होतो. होल्स्टीन फ्रीजियन किंवा जर्सी वळूचे वीर्य वापरून देशी गाईपासून मिळवलेल्या कालवडी नियमितपणे गाभण राहतात आणि त्यांचे नरही प्रजननक्षम असतात. विदेशी आणि देशी गुरांचे वंश फार जुन्या काळी वेगळे झालेले नाहीत. दोन्हींची गुणसूत्रे ६० असून त्यांची मांडणीही बव्हंशी सारखी आहे. रोहू आणि कटला या माशांचा संकरही प्रजननक्षम असतो, आणि मत्स्यबीज केंद्रांना नेमकी त्याचीच अडचण होते, कारण संकर बीज शुद्ध बीजात मिसळत राहते. ‘संकर म्हणजे वंध्य’ हे समीकरण त्यामुळे सरसकट खरे नाही.

प्राचीन उल्लेख आणि प्रारंभीचे विचार

खेचराचे वंध्यत्व माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संस्कृतात खेचराला अश्वतर म्हणतात. छांदोग्य उपनिषदातील रैक्वाच्या कथेत अश्वतरींच्या रथाचा उल्लेख येतो, आणि गर्भधारणा म्हणजे अश्वतरीचा मृत्यू अशी उपमा महाभारतात वापरलेली आहे. रोमन लोक ‘खेचरी विते तेव्हा’ हा वाक्प्रयोग ‘कधीच नाही’ या अर्थाने करीत. हिरॉडोटसने बॅबिलोनच्या वेढ्याच्या हकिकतीत खेचरी व्यायल्याचे नोंदवले आहे, ते अघटिताचा शकुन म्हणूनच.

ॲरिस्टॉटलने आपल्या प्राण्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली. एम्पिडोक्लिसच्या मते दोन प्रकारच्या बीजांचे मिश्रण, तांबे आणि कथिल यांच्या मिश्रणासारखे, घट्ट आणि कठीण होते. डेमोक्रिटसच्या मते खेचराच्या शरीरातील बीजवाहक मार्ग बिघडलेले असतात. ॲरिस्टॉटलने दोन्ही मते खोडून काढली. घोडा आणि गाढव हे मुळातच कमी फलनशील प्राणी असून दोघांतील उणीव खेचरात एकवटते, असे त्याने सुचवले. त्याचे उत्तर आज टिकत नाही. तथापि दोष मिश्रणात आहे की मार्गात, हा त्या काळी विचारला गेलेला प्रश्न विसाव्या शतकापर्यंत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विचारला गेला.

अठराव्या शतकात ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने प्रजननक्षम संतती हाच जाती ओळखण्याचा निकष मानला. चार्ल्स डार्विनसमोर मात्र यामुळे एक कोडे उभे राहिले. नैसर्गिक निवड ही उपयुक्त गुण टिकवते. मग संततीला वंध्य करणारा गुण तिने कसा टिकवला? १८५९ च्या ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्याने संकरावर एक पूर्ण प्रकरण लिहिले आणि वंध्यत्व हे निवडीचे फळ नसून दोन जातींच्या प्रजननसंस्थांत इतर कारणांनी पडलेल्या फरकांचा आनुषंगिक परिणाम आहे, असा निष्कर्ष काढला. जनुक आणि गुणसूत्र या कल्पनांचा आधार नसताना काढलेला हा निष्कर्ष स्थूलमानाने बरोबर ठरला.

अर्धसूत्री विभाजनातील अडथळा

प्राण्याच्या प्रत्येक शरीरपेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात; एक आईकडून, एक बापाकडून आलेला. नेहमीच्या सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र आपली प्रत काढते आणि त्या प्रती दोन नव्या पेशींत वाटल्या जातात. या कामी आईचे आणि बापाचे गुणसूत्र एकमेकांना ओळखण्याची गरज नसते. म्हणूनच खेचराची त्वचा, स्नायू, हाडे आणि रक्त यांत काहीही उणे नसते.

युग्मके, म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी, तयार करणारे अर्धसूत्री विभाजन निराळ्या रीतीने चालते. त्यात दोन संचांचा एक संच करायचा असतो. त्यासाठी आईकडून आलेले प्रत्येक गुणसूत्र बापाकडून आलेल्या आपल्या समजात गुणसूत्राला शोधते, त्याच्याशी टोकापासून टोकापर्यंत जुळते, काही ठिकाणी त्याच्याशी तुकड्यांची अदलाबदल करते आणि मगच दोघे विरुद्ध दिशांना जातात. ही ओळख पटण्याची पद्धत वरकरणी विचित्र आहे. पेशी स्वतःच आपल्या डीएनएला शेकडो ठिकाणी तोडते. तुटलेले टोक दुरुस्तीसाठी नमुना शोधत जोडीदार गुणसूत्रापर्यंत पोहोचते, आणि या दुरुस्तीतूनच दोघांची गाठ पडते. जोडीदाराचा क्रम पुरेसा सारखा नसेल, किंवा त्याचे तुकडे उलटसुलट वा वेगळ्याच गुणसूत्रांवर गेले असतील, तर दुरुस्ती रेंगाळते आणि जुळणी अपुरी राहते.

अशा अपुऱ्या जुळणीवर पेशीची देखरेख असते. न जुळलेले भाग आढळले की त्यांवरील जनुके बंद केली जातात, आणि बिघाड मोठा असेल तर ती पेशीच नष्ट केली जाते. सस्तन प्राण्यांच्या नरात ही देखरेख अत्यंत कडक असते. वृषणातील पेशी जुळणीच्या टप्प्यावर येतात आणि तेथेच मरतात. मादीत ती काहीशी सैल असते. थोड्या अंडपेशी निसटून पुढे जाऊ शकतात. नर आणि मादी संकरजांच्या प्रजननक्षमतेत जो फरक दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

गुणसूत्रांच्या संख्येतील फरक येथे कितपत आड येतो हे त्या फरकाच्या स्वरूपावर ठरते. प्रझेवाल्स्की घोड्याची दोन लहान गुणसूत्रे पाळीव घोड्यात एकत्र जुळून एक झालेली आहेत; त्यांवरील मजकूर तोच आहे. संकरजात ही तीन गुणसूत्रे मिळून एक त्रिकूट बनवतात आणि विभाजनाच्या वेळी बहुतेकदा व्यवस्थित विभागली जातात. म्हशींमध्येही असेच आहे. पंढरपुरी, नागपुरी, मुऱ्हा या नदी प्रकारच्या म्हशींची गुणसूत्रे ५० असतात, तर ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात आढळणाऱ्या दलदली प्रकारच्या म्हशींची ४८. दोहोंच्या संकरात ४९ येतात आणि त्या म्हशी वितात. दुसऱ्या टोकाला भेकराचे उदाहरण आहे. महाराष्ट्रातील जंगलांतही आढळणाऱ्या भारतीय भेकराच्या मादीत केवळ ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात. त्याच्या चिनी आप्तात ४६ असतात. या दोघांचा संकर बंदिवासात जन्मला, जगला, पण त्याच्या नरात शुक्रपेशी तयार होऊ शकल्या नाहीत.

खेचर

गाढव नर आणि घोडी यांची संतती खेचर, तर घोडा आणि गाढवीण यांची संतती हिनी म्हणून ओळखली जाते. दोन्हींत ६३ गुणसूत्रे असतात. कर्ट बेनिर्श्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये घोडा, गाढव, खेचर आणि हिनी या चौघांच्या गुणसूत्रांचे तुलनात्मक वर्णन प्रसिद्ध केले. घोडा आणि गाढव यांचा सामाईक पूर्वज सुमारे ४० ते ४५ लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. एवढ्या काळात दोन्हींच्या गुणसूत्रांत अनेक जोड-तोड आणि उलथापालथी झाल्या आहेत. एका जादा गुणसूत्राला जोडीदार नसणे ही त्यातली सर्वांत किरकोळ बाब आहे. उरलेल्या ६२ पैकी पुष्कळांनाही आपला जोडीदार नीट सापडत नाही.

खेचर नराचे वृषण दिसायला सर्वसाधारण असतात, संप्रेरके स्रवतात आणि नराची कामेच्छाही शाबूत असते. तो आवरणे कठीण जाते म्हणूनच कामाच्या खेचरांचे खच्चीकरण करण्याची पद्धत आहे. मात्र त्याच्या वृषणातील पेशींची वाटचाल अर्धसूत्री विभाजनात थांबते. मादी खेचराच्या अंडाशयात जन्मापासूनच अंडपेशी फार थोड्या असतात. तरी काही माद्या माजावर येतात. त्यांच्या गर्भाशयात कोणताही दोष नसतो. घोड्याचे आणि गाढवाचे भ्रूण मादी खेचरात रोपण केल्यास ते पूर्ण वाढून शिंगरे जन्मल्याची उदाहरणे आहेत. ‘बीजवाहक मार्ग बिघडलेले’ हा डेमोक्रिटसचा तर्क त्यामुळे शब्दशः निकालात निघतो.

क्वचित मादी खेचर स्वतःच्या अंडपेशीपासून वितेही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९८४ मध्ये जन्मलेल्या शिंगराची आणि १९८० च्या दशकात चीनमध्ये आढळलेल्या एका खेचराची व एका हिनीची गुणसूत्रे प्रयोगशाळेत तपासून खातरजमा करण्यात आली. नेब्रास्कातील मादी खेचराला गाढवापासून झालेले शिंगरू पुन्हा खेचरासारखेच, ६३ गुणसूत्रांचे निघाले. याचा अर्थ मादीने आपल्या आईकडून आलेला घोड्याचा संच जवळजवळ अखंड पुढे दिला होता. गुणसूत्रांची वाटणी केवळ योगायोगाने झाली असती, तर असा अखंड संच एकाच अंडपेशीत येण्याची शक्यता अब्जांत एक या कोटीची आहे. मादी खेचरे विण्याच्या घटना विरळ असल्या तरी इतक्या विरळ नाहीत.

प्रत्येक पिढी नव्याने पैदा करावी लागत असल्याने चांगल्या खेचराचा वंश निवडीने सुधारता येत नाही. सुधारणा करायची ती घोडी आणि गाढव यांच्या वंशांत. भारतीय लष्कर डोंगराळ सीमाभागात रसद पोहोचवण्यासाठी खेचरांचा दीर्घकाळ वापर करत आले आहे, आणि तेथेही हाच नियम लागू पडतो. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठात २००३ मध्ये ‘आयडाहो जेम’ हे प्रतिरूप, म्हणजे क्लोन, खेचर जन्माला घालण्यात आले. एखाद्या खेचराचे गुण जसेच्या तसे पुढे नेण्याचा तो एक मार्ग होता, अर्थात सामान्य पशुपालकाच्या आवाक्याबाहेरचा.

जनुकीय विसंगती

गुणसूत्रांची मांडणी सारखी असूनही संकरज वंध्य निघतात, तेव्हा कारण जनुकांच्या आपसांतील संबंधांत शोधावे लागते. या विचाराचे बीज विल्यम बेटसन यांनी १९०९ मध्ये मांडले होते, परंतु त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. पुढे फळमाशीवरील प्रयोगांच्या आधारे थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी १९३० च्या दशकात आणि हर्मन म्युलर यांनी १९४२ मध्ये ते स्वतंत्रपणे विकसित केले. डार्विनच्या कोड्याचे उत्तर येथे मिळते.

समजा, पूर्वज गटात ‘क’ आणि ‘ख’ ही दोन जनुके परस्परांशी जुळवून काम करतात. गट दोन भागांत विभागला गेला. एका भागात ‘क’ बदलून ‘का’ झाले. ते ‘ख’ बरोबर नीट चालते, म्हणून टिकले. दुसऱ्या भागात ‘ख’ बदलून ‘खा’ झाले. ते ‘क’ बरोबर नीट चालते, म्हणून तेही टिकले. कोणत्याही भागातील कोणत्याही प्राण्याला यात वंध्यत्व आले नाही. मात्र ‘का’ आणि ‘खा’ यांची गाठ पूर्वी कधीही पडलेली नव्हती, आणि ती प्रथमच संकरजाच्या शरीरात पडते. दोन्ही बदल आपापल्या घरी निर्दोष असतात. दोष त्यांच्या एकत्र येण्यात असतो. नैसर्गिक निवडीला वंध्यत्व ‘निवडावे’ लागलेच नाही, कारण विभक्त असताना ते कोणालाही भोगावे लागले नव्हते.

या विचारातून एक निष्कर्ष निघतो. दोन गटांत बदलांची संख्या वाढते तशी संभाव्य विसंगत जोड्यांची संख्या त्याहून वेगाने, साधारणतः वर्गाच्या प्रमाणात, वाढते. त्यामुळे विभक्त झालेल्या जातींमध्ये प्रारंभी संकर सहज होतात आणि पुढे वंध्यत्व झपाट्याने बळावते.

प्रत्येक विसंगतीसाठी जनुकाचा मजकूर बदलावा लागतो असेही नाही. फळमाशीच्या मेलॅनोगॅस्टर जातीत नराच्या प्रजननास आवश्यक असलेले एक जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, तर सिम्युलन्स या जवळच्या जातीत तेच जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर गेले आहे. दोघांच्या संकर वंशात काही नरांच्या वाट्याला एका जातीचे तिसरे आणि दुसऱ्या जातीचे चौथे गुणसूत्र अशा रीतीने येते की ते जनुक त्यांना कोणाकडूनच मिळत नाही. जनुक दोन्ही घरांत होते. संततीला मात्र ते कुठेच सापडले नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन या विषयातील सर्वांत सुबोध उदाहरणांपैकी एक आहे.

उंदरातील पीआरडीएम९ जनुक

सस्तन प्राण्यांत वंध्यत्वास कारणीभूत ठरणारे जे पहिले जनुक निश्चितपणे ओळखले गेले ते घरगुती उंदरातील पीआरडीएम९ होय. युरोपच्या पूर्व आणि पश्चिम भागांत घरउंदराच्या दोन उपजाती आढळतात आणि डेन्मार्कपासून बल्गेरियापर्यंत एका अरुंद पट्ट्यात त्यांचा संकर होतो. पूर्वेकडील उपजातीची मादी आणि पश्चिमेकडील नर यांच्या काही प्रयोगशाळा-वंशांतील संकरात सर्व नर वंध्य निघतात. प्राग येथील यिरी फोरेय्ट यांनी १९७४ मध्ये या वंध्यत्वाशी निगडित जनुकस्थान नोंदवले. ते जनुक नेमके कोणते हे कळायला २००९ साल उजाडले.

पीआरडीएम९ चे काम अर्धसूत्री विभाजनात डीएनए कोठे तोडायचा ती ठिकाणे नेमून देणे हे आहे. या प्रथिनाचा एक भाग डीएनएमधील ठरावीक अक्षरक्रम ओळखतो आणि तेथे खूण करतो. मात्र जे ठिकाण तोडले जाते त्याची दुरुस्ती जोडीदाराच्या नमुन्यावरून होते. त्यामुळे ज्या गुणसूत्रावर तो अक्षरक्रम किंचित बिघडलेला असतो, त्याचीच प्रत दुसऱ्यावर उमटते. पिढ्यानपिढ्या असे होऊन पीआरडीएम९ ची आवडती ठिकाणे झिजत जातात. प्रत्येक उपजातीत तिच्या स्वतःच्या पीआरडीएम९ ची ठिकाणे अशी झिजलेली आहेत, पण परक्या प्रकारासाठीची ठिकाणे अद्याप शाबूत आहेत.

संकर उंदरात याचा परिणाम उलटा होतो. आईकडून आलेला पीआरडीएम९ बापाकडून आलेल्या गुणसूत्रांवर अधिक खुणा करतो आणि बापाकडून आलेला आईच्या गुणसूत्रांवर. समजात गुणसूत्रांच्या जोडीत एकाच बाजूला तोड पडते, समोर तशीच खूण नसते; दुरुस्ती अडखळते, जुळणी होत नाही आणि वृषणातील पेशी मरतात. दोन उपजाती वेगळ्या होऊन दहा लाख वर्षेही झालेली नाहीत, त्यांची गुणसूत्रसंख्या ४० अशी सारखीच आहे, तरी हे घडते.

या स्पष्टीकरणाची कसोटी २०१६ मध्ये लागली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदराच्या पीआरडीएम९ मधील डीएनए ओळखणारा भाग काढून त्या जागी मानवी जनुकातील तेवढाच भाग बसवला. मानवी प्रकार उंदराच्या गुणसूत्रांना पूर्वी कधीही भेटलेला नव्हता, म्हणून त्याची ठिकाणे दोन्ही उपजातींत सारखीच शाबूत होती. असे बदललेले संकर नर प्रजननक्षम निघाले. दोन उपजातींतील बाकीचे सारे फरक जागच्या जागी असताना केवळ एका जनुकाच्या एका भागाने वंध्यत्व दूर व्हावे, ही गोष्ट अनेक तज्ज्ञांनाही अनपेक्षित होती. खेचरासारख्या दूरच्या संकरात मात्र एवढ्याने भागण्याची शक्यता नाही. तेथे अडथळे अनेक आणि एकमेकांत गुंतलेले आहेत.

हॉल्डेनचा नियम

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये असे दाखवून दिले की, संकराच्या पहिल्या पिढीत एकच लिंग अनुपस्थित, दुर्मीळ किंवा वंध्य असेल, तर ते बहुधा दोन भिन्न लिंग गुणसूत्रे असणारे लिंग असते. सस्तन प्राण्यांत आणि फळमाशीत एक्स आणि वाय ही भिन्न गुणसूत्रे नरात असतात, म्हणून तेथे नर वंध्य होतो. पक्ष्यांत आणि फुलपाखरांत ती मादीत असतात, आणि तेथे मादी वंध्य होते. नर आणि मादी यांच्या शरीरधर्मातील फरकांपेक्षा लिंग गुणसूत्रांची रचना महत्त्वाची आहे, हे यावरून स्पष्ट झाले. एकच एक्स गुणसूत्र असलेल्या प्राण्यात त्यावरील अप्रभावी जनुकांचे दोष झाकणारी दुसरी प्रत नसते, हे या नियमाचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

या नियमाची भारतातील सर्वांत जुनी ‘नोंद’ शास्त्रज्ञांची नसून हिमालयातील पशुपालकांची म्हणावी लागेल. लडाख, नेपाळ, सिक्कीम आणि तिबेट येथे याक आणि गाय यांचा संकर पूर्वापार केला जातो. संकर नराला झो आणि मादीला झोमो म्हणतात. झो नांगराला आणि ओझ्याला उत्तम, पण वंध्य. झोमो दुधाला चांगली आणि प्रजननक्षम. याक आणि गाय दोघांचीही गुणसूत्रे ६० आहेत. झोमोचा पुन्हा याकशी किंवा वळूशी संकर केल्यास होणारे नरही वंध्यच असतात. काही पिढ्यांनंतर एका बाजूचे रक्त पुरेसे वाढले की नर पुन्हा प्रजननक्षम होतात.

कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात १९७० च्या दशकात वाघ आणि सिंहीण यांच्या संकरातून टायगॉन जन्मले. त्यांपैकी १९७१ मध्ये जन्मलेल्या रुद्राणी या मादीला आशियाई सिंहापासून पिल्ले झाली. १९७९ मध्ये जन्मलेला क्युबानाकान हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नर १९९१ मध्ये मरण पावला. टायगॉन मादी प्रजननक्षम असू शकते हे यातून सिद्ध झाले. वाघ किंवा सिंह यांच्या संवर्धनाला मात्र या प्रयोगांचा काहीही उपयोग झाला नाही.

वंध्यत्वाला बगल देणारे संकरज

काही संकरजांनी अर्धसूत्री विभाजनच टाळले आहे. मेक्सिको आणि टेक्सासच्या नद्यांतील ॲमेझॉन मॉली हा मासा दोन जातींच्या संकरातून उद्भवला असून त्यात केवळ माद्या असतात. त्यांची अंडी विभाजनाने अर्धी न होताच वाढीस लागतात. जवळच्या जातीच्या नराचे वीर्य केवळ वाढ सुरू होण्यापुरते लागते. त्यातील जनुके पिलांत उतरत नाहीत. युरोपातील एका पाणबेडकाची रीत निराळी आहे. हा संकर बेडूक युग्मके तयार करण्यापूर्वी एका जनकाचा पूर्ण संच टाकून देतो आणि दुसऱ्याचा संच जसाच्या तसा पुढे पाठवतो. वनस्पतींत गुणसूत्रांचे संच दुप्पट होऊन प्रत्येकाला स्वतःचाच जोडीदार मिळतो आणि वंध्य संकर प्रजननक्षम होतो. गहू या मार्गाने उत्क्रांत झाला आहे. प्राण्यांत हा मार्ग दुर्मीळ आहे.

माणसाच्या संदर्भात आणि संवर्धनात

आफ्रिकेबाहेरील आजच्या माणसांच्या जनुकसंचात निअँडरथल मानवाचा थोडा अंश आहे, म्हणजे त्या संकराची संतती सर्वस्वी वंध्य नव्हती. मात्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, एक्स गुणसूत्रावर आणि वृषणात अधिक सक्रिय असणाऱ्या जनुकांच्या परिसरात हा अंश लक्षणीयरीत्या कमी आहे. संकर पुरुषांची प्रजननक्षमता घटलेली असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

वंध्यत्वाचा उपयोग कीड नियंत्रणासाठी करण्याचा प्रयत्न १९४० च्या दशकात तेव्हाच्या टांगानिकात एफ. एल. वँडरप्लँक यांनी केला. निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या क्षेत्रात त्यांनी दुसऱ्या जातीच्या माश्या सोडल्या, जेणेकरून संकर होऊन प्रजनन वाया जावे.

संवर्धनाच्या दृष्टीने वंध्य संकरापेक्षा प्रजननक्षम संकर अधिक चिंतेचा असतो. वंध्य संकरात एका पिढीचे श्रम वाया जातात, पण परकी जनुके जंगली वंशात शिरत नाहीत. स्कॉटलंडमधील रानमांजराचा वंश पाळीव मांजरांशी झालेल्या संकराने जवळजवळ विरघळून गेला आहे. लांडगा आणि कुत्रा या दोघांचीही गुणसूत्रे ७८ असून त्यांची संतती पूर्णतः प्रजननक्षम असते. पुण्याच्या परिसरातील माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावकुसाबाहेरील भटक्या कुत्र्यांची संख्या वाढलेली आणि माळराने आक्रसलेली असताना, भारतीय लांडग्याच्या वंशाला या संकरापासून वाचवणारा कोणताही जनुकीय अडथळा अस्तित्वात नाही.